जुनी बंदूक विकत घेताना: आधी परवाना, मग काडतूस, मग नळी

१९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही. नेमबाज खेळाडू वगैरेंना मोजक्या सवलती आहेत, पण बाकीच्यांसाठी दार बंद. त्यामुळे त्याआधी देशात आलेला इंग्लिश, बेल्जियन आणि जर्मन मालच आजही या हातातून त्या हातात फिरतो. बराचसा माल आजोबांच्या परवान्यावरून मुलाच्या परवान्यावर आलेला असतो आणि नातवाला नूतनीकरणाच्या फेऱ्या नको झाल्या की विक्रीला निघतो.

नवख्या संग्राहकाने पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी ती संख्येची. २०१९च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्याने एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. वारशाने आलेली धरूनही दोनच. म्हणजे इथे संग्रह म्हणजे भिंतभर बंदुका नव्हेत. चालत्या बंदुकांसाठी दोन जागा आहेत आणि चुकीच्या बंदुकीने अडवलेली जागा सोडवायला पुन्हा तीच सगळी कागदपत्रं करावी लागतात. म्हणून खाली सांगितलेला क्रम उलटा करू नका. नळीवरची नक्षी पाहून आधी जीव जडवायचा आणि मग परवान्यात बसते का ते बघायचं, असं केलं की विसाराचे पैसे तरी जातात नाहीतर गोत्यात तरी येतो.

परवाना

परवान्यासाठी किमान वय २१. अर्ज एनडीएएल-एलिस या सरकारी संकेतस्थळावर होतो. पुणे, मुंबई, नागपूर अशा आयुक्तालयांत परवाना पोलीस आयुक्त देतात, इतरत्र जिल्हादंडाधिकारी. सोबत शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा एस-१ दाखला, वैद्यकीय दाखला आणि पोलीस पडताळणी लागते. मुदत पाच वर्षांची. परवान्यावर युआयएन, म्हणजे परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असलाच पाहिजे. तुमच्याही आणि विकणाऱ्याच्याही.

परवान्यावर कुठल्या प्रकारचं शस्त्र लिहिलं आहे ते नीट वाचा. डीबीबीएल म्हणजे मागून काडतूस भरायची दुनळी, एसबीबीएल म्हणजे तशीच एकनळी, एसबीएमएल म्हणजे ठासणीची, तोंडातून दारू भरायची एकनळी. बोअर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचं माप. बारा बोअरच्या दुनळीसाठी असलेल्या परवान्यावर रायफल घेता येत नाही. आधी प्रकार बदलून घ्या, मग बोलणी करा.

पीबी की एनपीबी

जुन्या मालात सगळ्यात जास्त फसगत इथे होते. कायद्याने काही बोअर प्रतिबंधित म्हणजे पीबी ठरवले आहेत, बाकीचे एनपीबी म्हणजे अप्रतिबंधित. पीबी असे: .३०३ आणि ७.६२ मिमीची सैनिकी काडतुसं ज्यात बसतात अशा बोल्ट-अॅक्शन किंवा सेमी-ऑटोमॅटिक रायफली, .४१० मस्केट, आणि .३८० किंवा .४५५ रिमवाली, ९ मिमी किंवा .४५ रिमलेस काडतुसं ज्यात बसतात अशी पिस्तुलं, रिव्हॉल्वर आणि कार्बाइन. गुळगुळीत नळीच्या बंदुकीची नळी २० इंचांहून लहान असेल तर तीही प्रतिबंधित. अशा शस्त्राचा परवाना केंद्राच्या हातात असतो. तुमच्या साध्या परवान्यावर ते घेतलं, तर शिक्षा सात वर्षांपासून पुढे आहे.

याचा जुन्या वस्तूंवर थेट परिणाम होतो. पहिल्या महायुद्धातलं वेब्ली मार्क ६ रिव्हॉल्वर .४५५चं, म्हणून बाद. ली-एनफिल्ड .३०३ रायफल बाद. वेब्ली मार्क ४ हे दिसायला एकच मॉडेल, पण .३८ बोअरमध्ये असेल तर पीबी आणि .३२ बोअरमध्ये असेल तर एनपीबी. विक्रेता नुसतं ‘मार्क ४ आहे’ म्हणाला तर नळीवरचा बोअर स्वतः वाचा. लहान केलेल्या दुनळ्याही अधूनमधून समोर येतात. बंदूक मिटवून, नळीच्या तोंडापासून मागच्या पोलादी भिंतीपर्यंत टेपने मोजा. कमी भरली तर तिथेच नमस्कार करून निघा.

इंग्रजांच्या काळातही हाच खेळ होता. सैन्याचा दारूगोळा बंडखोरांच्या कामी येऊ नये म्हणून १९०७च्या सुमारास .४५० बोअरच्या रायफलींना हिंदुस्थानात मज्जाव झाला, म्हणून विलायती कारखान्यांनी .४७०, .४६५ असे शेजारचे बोअर काढले. .३१५ बोअर आपल्याकडे रुजला त्यामागेही .३०३ टाळणं हेच कारण. जुन्या शिकारी रायफलींवर असे विचित्र आकडे दिसले की बनावट समजू नका.

काडतूस मिळणार का

बंदूक पसंत करण्याआधी गावातल्या शस्त्रविक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: या बोअरचं काडतूस तुमच्याकडे येतं का, आणि शेवटचं कधी आलं? बारा बोअर सहज मिळतं. खडकीच्या कारखान्यातलं शक्तिमान एक्सप्रेस सगळीकडे असतं. .३२ रिव्हॉल्वर, .३१५, .३०-०६, .२२ यांचा पुरवठा देशी आहे. पण १६ बोअर, .३१८ वेस्टली रिचर्ड्स, .४२३ माउझर, .४५०/.४०० हे नुसतं नावाला उरतात. अशी रायफल सुंदर असते, स्वस्तही मिळते, आणि दोनपैकी एक जागा अडवून कपाटात उभी राहते. पहिली खरेदी म्हणून बारा बोअरची बॉक्सलॉक, म्हणजे घोडे-कमानी नळ्यांमागच्या पेटीत बसवलेली, दुनळी घ्यावी. रिव्हॉल्वरसाठी जगात कुठे देत नसतील इतके पैसे आपल्याकडे मोजले जातात, आणि चांगल्या इंग्लिश दुनळीकडे लोक ढुंकून बघत नाहीत. संग्राहकाला यापेक्षा बरी संधी नाही.

विकणाऱ्याचे कागद

मूळ परवाना मागा, झेरॉक्स नाही. त्यावरचा क्रमांक, बनवणाऱ्याचं नाव आणि बोअर बंदुकीवरच्या खुणांशी अक्षर अन् अक्षर जुळले पाहिजेत. दुनळीवर क्रमांक तीन ठिकाणी असतो: नळ्यांच्या खाली, अॅक्शनच्या (नळ्यांमागच्या यंत्रणेच्या) पाण्यावर म्हणजे नळ्या टेकतात त्या सपाट भागावर, आणि फोरएंडच्या, म्हणजे नळ्यांखाली हाताने धरायच्या लाकडी भागाच्या, लोखंडावर. चापाच्या संरक्षक पट्टीवरही बहुधा असतो. तिन्ही एकच हवेत. नळ्यांचा क्रमांक वेगळा असेल तर कुठल्या तरी दुसऱ्या बंदुकीच्या नळ्या बसवलेल्या आहेत.

क्रमांक घासून गेलेला किंवा खोडलेला असेल तर हात लावू नका. शस्त्र कायद्याचं कलम ८ असं आहे की खोडाखोड ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ती केली असं धरून चालतात. तसं नाही हे सिद्ध करणं तुमच्याकडे.

मूळ मालक वारला असेल तर बंदूक त्या घरात असणंच बेकायदा ठरू शकतं. परवानाधारक गेल्यावर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी लागते. वारसाच्या नावे परवाना झाला असेल तर त्याच्याकडून, नाहीतर जमा असलेल्या ठिकाणाहून, परवानगीनेच व्यवहार होतो. ‘बाबा गेले, घेऊन जा, कागद नंतर बघू’ हे वाक्य ऐकलं की चहा पिऊन उठा.

४५ दिवस

दोन परवानाधारकांतली थेट विक्री कायद्याला मान्य आहे. कलम ५नुसार विकणाऱ्याने आपल्या जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला विक्रीचा इरादा आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता लेखी कळवायचा. त्यानंतर किमान ४५ दिवस उलटल्याशिवाय बंदूक द्यायची नाही. व्यवहारात क्रम असा ठेवा:

१. बंदूक पाहून पसंत केली की विसारपावती करा. तीत बंदुकीचा पूर्ण तपशील लिहा आणि परवानगी नाकारली गेल्यास विसार परत, हे कलम घाला. पैसे बँकेतून द्या.
२. विकणाऱ्याने पत्र द्यावं, त्याची पोच शिक्क्यासह घ्यावी आणि एक प्रत तुम्हाला द्यावी. ४५ दिवस पोचेच्या तारखेपासून मोजा.
३. तुमचा परवाना दुसऱ्या जिल्ह्याचा असेल तर तुमच्या कार्यालयाची ना हरकत लागते का ते याच काळात विचारा. दोन्ही परवान्यांवरचं क्षेत्र तपासा. जिल्हा ओलांडून बंदूक नेताना क्षेत्राबाहेर पडलात तर चालत नाही.
४. मुदत संपल्यावर, परवानगी हातात असताना, शक्यतो परवानाधारक दुकानात ताबा घ्या. दुकानदाराच्या नोंदवहीत नोंद झाली की दोन्ही बाजू सुरक्षित. त्याचं कमिशन द्यावं लागतं, पण ते वाया गेलेले पैसे नव्हेत.
५. लगेच बंदूक आणि परवाना आपल्या कार्यालयात दाखवून नोंद करून घ्या. विकणाऱ्याच्या परवान्यावरून ती कमी झाल्याचीही खात्री करा. नाहीतर एकच बंदूक दोन परवान्यांवर राहते आणि नूतनीकरणाच्या वेळी दोघेही अडकतात.

नळी तपासणं

आता बंदुकीकडे वळा. बरोबर टॉर्च, व्हर्निअर, दोन डमी काडतुसं आणि पांढरा कागद घ्या. जाणकार आर्मरर, म्हणजे बंदूक दुरुस्त करणारा कारागीर, सोबत असला तर उत्तमच. पहिलं काम: उघडून, दोन्ही कोठ्या (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागा) रिकाम्या आहेत हे डोळ्याने आणि बोटाने पाहणं. दुसऱ्याने आत्ताच पाहिलं असलं तरीही.

आवाजाची तपासणी सगळ्यात आधी करा, कारण ती फुकट आहे आणि सगळ्यात जास्त सांगते. नळ्या काढा, मागच्या हुकात बोट अडकवून लोंबत्या ठेवा आणि मधोमध बोटाच्या पेराने टिचकी मारा. घंटेसारखा स्वच्छ, लांबणारा नाद आला तर दोन नळ्यांमधली पट्टी पक्की आहे. ठप्प, फुटक्या मडक्यासारखा आवाज आला तर कुठेतरी झाळ सुटली आहे. त्या फटीत पावसाळ्याची ओल शिरते आणि नळी बाहेरून चकचकीत असताना आतल्या बाजूने, जिथे कुणाला दिसत नाही, गंज खातो. पट्टी पुन्हा बसवायची म्हणजे सगळी झाळ उतरवून, साफ करून, पुन्हा झाळून नव्याने काळी करणं. हे काम नीट करणारे हात आता फार कमी उरले आहेत. कोकणातून आलेल्या बंदुकीला ही टिचकी दोनदा मारा.

मग जोडून फोरएंड काढा, दस्ता काखेत धरा आणि नळ्या वरखाली, डावीउजवीकडे हलवा. खुटखुट जाणवली तर सांधा झिजला आहे. नळी आणि मागची भिंत यांच्यामधून उजेडाच्या दिशेने बघा. फट दिसायला नको. काहीजण कुलपाच्या खालच्या कड्यात पितळी पत्र्याचा तुकडा घालून ही खुटखुट तात्पुरती लपवतात. तिथे चमकतं पिवळं दिसलं तर किंमत तशी ठरवा.

नळीच्या आत टॉर्च टाकून तोंडाकडून बघा. उजेडाची वर्तुळं अखंड हवीत. एखादं वर्तुळ काळं आणि जाड दिसलं तर तिथे नळी फुगली आहे, बहुधा अडकलेल्या पदार्थावर बार झाल्यामुळे. वर्तुळ चपटं दिसलं तर बाहेरून चेमटा आहे. चेमटा काढता येतो. फुगवटा आणि खोल गंजखड्डे हे वेगळं प्रकरण. आतून खड्डे घासून काढले की नळी पातळ होते. भिंतीची जाडी कुठेही ०.०२० इंचाच्या खाली गेलेली नको, हा नेहमीचा आडाखा.

इंग्लिश बंदुकीवर नळ्यांच्या खाली प्रूफ हाउसचे, म्हणजे नळीची मजबुती तपासणाऱ्या संस्थेचे, शिक्के असतात. नायट्रो म्हणजे आजची बिनधुराची दारू. बर्मिंगहॅमचा १९०४ ते १९५४ या काळातला नायट्रो शिक्का म्हणजे मुकुटाखाली एनपी, लंडनचा म्हणजे तलवार परजलेला हात आणि एनपी. नायट्रोचा कुठलाच शिक्का नसेल तर ती बंदूक फक्त काळ्या दारूसाठी तपासलेली आहे. आजचं कारखान्याचं काडतूस तिच्यासाठी नाही. बोअरचा आकडाही तिथेच असतो: १२ म्हणजे ०.७२९ इंच, १३/१ म्हणजे ०.७१९, १३ म्हणजे ०.७१०. मागच्या टोकापासून ९ इंचांवर मोजा. शिक्क्यापेक्षा ०.०१० इंचाहून जास्त वाढ आढळली तर ती इंग्लिश नियमाने प्रूफमधून बाहेर. नळीवर वेलबुट्टीसारखी नैसर्गिक रेषा दिसत असेल तर ती दमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून एकत्र ठोकलेली. दिसायला त्यासारखं काही नाही. पण पट्ट्यांच्या जोडांत गंज लपतो, म्हणून नायट्रो शिक्का नसलेली दमास्कस बार काढायला घेऊ नका.

जुन्या इंग्लिश दुनळीची कोठी बहुतेकदा अडीच इंचांची म्हणजे ६५ मिमीची असते. गोंधळ असा की पावणेतीन इंची, ७० मिमीचं काडतूस तिच्यात सहज शिरतं, कारण लांबी मोजतात ती बार झाल्यावर उघडलेल्या नळकांड्याची. बंद असताना ते आखूड असतं. बार होताना त्याचं दुमडलेलं तोंड उघडायला जागा मिळत नाही, ते पुढच्या निमुळत्या भागात घुसतं आणि दाब वाढतो. एका बाराने नळी फुटेलच असं नाही, पण सांधा सैल होतो, दस्ता फुटतो. शिक्क्याजवळ लांबी लिहिलेली असते. काडतुसाच्या खोक्यावरही. दोन्ही जुळवा.

नाव शेवटी वाचा. पट्टीवर लंडनचं भारदस्त नाव आणि खाली अंडाकृतीत ईएलजी ही अक्षरं असतील तर माल लिएजचा, बेल्जियन. वेस्टली रिचर्ड्सऐवजी नुसतं डब्ल्यू. रिचर्ड्स असं लिहिलेल्या बेल्जियन बंदुका ढिगाने आल्या. वाईट असतातच असं नाही, पण किंमत निम्म्याहून खाली यायला हवी. उलटा काढलेला इंग्रजी एन, वाकडे आकडे, अस्पष्ट मुकुट म्हणजे खैबरकडची नक्कल. तिला परवान्याचा इतिहासच नसतो. कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉड्डा, अथवा आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स ही नावं विक्रेत्यांची असतात, बनवणारा वेगळाच असू शकतो.

बाकी थोडक्यात. डमी काडतुसं घालूनच चाप ओढा, रिकाम्या कोठीवर ओढला तर जुन्या फायरिंग पिन तुटतात. घोडे चढवून, सेफ्टी काढून दस्त्याच्या टोकाला तळव्याने थाप द्या. घोडा सुटला तर सिअर, म्हणजे घोडा अडवून धरणारा दाता, झिजला आहे. मुठीजवळच्या लाकडात तडा आणि तेलाने काळं, मऊ पडलेलं लाकूड शोधा. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर आत अनाडी हात गेला आहे. बोल्ट रायफलीत बोल्टचा क्रमांक नळीच्या क्रमांकाशी जुळतो का ते बघा. पहिला बार आर्मररने, बंदूक बांधून, दोरीने.

भिंतीवरच्या ठासणीच्या

वाड्यांत टांगलेल्या ठासणीच्या आणि तोड्याच्या (वातीने पेटणाऱ्या) बंदुकांबद्दल लोक दोन टोकाच्या समजुती बाळगून असतात: काहीच लागत नाही, किंवा लगेच अटक होते. कलम ४५नुसार जुन्या घडणीचं किंवा पुरातन मूल्याचं, आणि दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही असं शस्त्र कायद्याबाहेर आहे. ‘दुरुस्त करूनही’ हे शब्द महत्त्वाचे. नुसता घोडा मोडलाय, कान (बत्तीचं छिद्र) गंजलाय, याने भागत नाही. २०२०च्या बदलानंतर क्युरिओ (दुर्मिळ जुनी वस्तू) प्रकारातलं लहान शस्त्र नुसतं बाळगायला भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही, मात्र वापरायला, बरोबर न्यायला आणि वाहतूक करायला लागतो. परवान्यावर नोंद नसेल तर काडतुसंही मिळत नाहीत. तुमची वस्तू कुठल्या प्रकारात बसते हे विकणाऱ्याने ठरवायचं नाही. छायाचित्रं आणि मापं जोडून परवाना कार्यालयाला पत्र द्या आणि लेखी उत्तर आल्यावरच पैसे मोजा. निकामी करायची म्हणून घरी ड्रिल मारू नका. वस्तूची माती होते आणि कायद्यापुढे उपयोग काही नाही.

शंभर वर्षांवरची बंदूक पुरावस्तू ठरते आणि १९७२च्या पुरावस्तू कायद्याने ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशस्थ भावंडांनी ‘आजोबांची आठवण’ म्हणून मागितली तरी नाही. दस्त्यावर हस्तिदंत असेल किंवा बंदुकीबरोबर वाघाचं कातडं, गव्याचं शिंग पुढे केलं जात असेल, तर तिथे वन्यजीव कायदा आडवा येतो. कातडं-शिंग नाकारा, आणि हस्तिदंताबाबत वनखात्याला विचारल्याशिवाय व्यवहार करू नका.

घरी आल्यावर

चामड्याच्या पेटीत ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि नळीवर त्याचा ठसा उमटतो. पेटी वेगळी, बंदूक वेगळी. कुलपाचं लोखंडी कपाट, आत सिलिका जेल, जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला पुसून पातळ तेल. तोंड खाली करून उभी ठेवली तर तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की बऱ्याच परवानाधारकांना शस्त्र जमा करण्याची नोटीस येते. पोलिसांच्या मालखान्यात बंदुका एकमेकींना टेकून महिनोन्‌महिने उभ्या असतात. द्यायच्या आधी सगळ्या बाजूंनी छायाचित्रं काढा, नळ्यांना आतबाहेर ग्रीसचा जाड थर द्या, कापडात गुंडाळा, आणि पावतीवर क्रमांकाबरोबर ‘ओरखडा-चेमटा नाही’ असं लिहून घ्या. परवानाधारक दुकानात जमा करायला परवानगी मिळत असेल तर तीच घ्या.

विसारपावती, पोच, परवानगी, दुकानाच्या नोंदीची प्रत, शिक्क्यांची छायाचित्रं आणि नळीची मापं एका फायलीत ठेवा. वयाची सत्तरी गाठल्यावर, किंवा बंदूक २५ वर्षं बाळगून झाल्यावर, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, हयातीतच वारसाच्या नावे ती करता येते. वारसालाही स्वतःचा परवाना काढावा लागतो, म्हणून त्याचा अर्ज वेळेत करा आणि ही फाइल बंदुकीबरोबर त्याच्या हातात द्या.